काठीची ताकद पाणी ठरवते

गळाची काठी निवडताना बहुतेक जण एकच हिशेब मांडतात: मासा मोठा हवा, तर काठी दणकट हवी. हा हिशेब पटकन पटतो, पण तो चुकीचा आहे. पाण्यात अडचण किती, गळ किती जाड आणि दोरीच्या टोकाचे आमिष किती वजनाचे, या तीन गोष्टी काठीची ताकद ठरवतात. माशाचे वजन त्यांच्यामागून येते. मऊ प्लास्टिकच्या आमिषांवर मासे धरू पाहणाऱ्याला तर हे पहिल्याच दिवशी समजले पाहिजे, कारण या हलक्या, लवचिक आमिषांइतकी काठीची परीक्षा दुसरे कुठलेही आमिष घेत नाही. माझे हे म्हणणे आजच्या बाजारातल्या मालावरून काढलेले नाही. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीच्या टापूत, म्हणजे दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या मुलखात, पाणी कसकसे बदलत गेले आणि जगात इतरत्र पाणी बदलले तेव्हा काठी कशी बदलली, हे शेजारी ठेवून पाहिले की ते आपोआप सिद्ध होते. काठीचा इतिहास हा मुळात पाण्याचाच इतिहास आहे, आणि तो कळल्याशिवाय दुकानात काठी हातात घेऊन काहीही ठरवता येत नाही.

आधी धरणांपूर्वीची नदी डोळ्यांसमोर आणू. मराठवाड्याचा हा भाग बेसाल्ट खडकाचा आणि काळ्या मातीचा. इथल्या नद्यांना पाणी येते ते पावसाचे. हिमालयातल्या नद्यांसारखा बर्फाचा आधार त्यांना नाही. आषाढ-श्रावणात दुधना दोन्ही काठ भरून वाहते, पाणी गढूळ होते, आणि दिवाळीनंतर धार बारीक होत जाते. उन्हाळ्यात उरतात ते डोह. सगळे मासे त्या डोहांत गोळा होतात आणि डोहाचा पल्ला काठावरून सहज आवाक्यातला असतो. अशा पाण्यात आमिष लांब फेकण्याची गरजच पडत नाही. ते नेमक्या जागी, कपारीच्या तोंडाशी किंवा झाडाच्या मुळांजवळ, अलगद सोडता आले म्हणजे झाले. म्हणून काठी लांब, दोरी थेट तिच्या शेंड्याला बांधलेली आणि रीळ नाही, ही मांडणी या नदीला चपखल बसली. भोई समाजाचा मुख्य धंदा जाळ्यावर चालला, एका लांब दोरीला अनेक गळ लावून रात्रभर पाण्यात ठेवायची दावणही होती, पण एकटा माणूस आणि एकटा गळ यांचे काम काठीवरच चाले. रीळ नसते तेव्हा मासा पळू लागला की दोरी सोडायची सोय नसते. त्याच्या प्रत्येक हिसक्याला उत्तर द्यायचे ते काठीच्या वाकाने. काठी जास्त ताठ असेल तर दोरी तुटते किंवा माशाचा ओठ फाटतो. जास्त मऊ असेल तर मासा मुळांत शिरतो. काठीच्या ताकदीचा सगळा प्रश्न इतक्या साध्या सामानातसुद्धा पूर्णपणे हजर होता.

हा विचार या मुलखात जुना आहे, याला लेखी पुरावा आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने 1130च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आणि मराठवाडा त्याच्याच राज्यात होता. या ग्रंथाचे पाच भाग, प्रत्येक भागात वीस अध्याय. त्यांतल्या विनोदांच्या भागात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. मराठी वाङ्मयाचे अभ्यासक या ग्रंथाकडे त्यातल्या जुन्या मराठी ओळींसाठी जातात. मासेमारीच्या इतिहासासाठी हे प्रकरण तितकेच मोलाचे आहे. राजा माशांचे प्रकार सांगतो, समुद्रातले आणि नदीतले वेगळे करतो, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे निराळे मांडतो, कोणत्या माशाला काय चारून एका जागी जमवायचे ते सांगतो, आणि मग गळाच्या खेळाकडे वळतो. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणावर लेख लिहून ते जगापुढे आणले. इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवरचा पहिला छापील ग्रंथ 1496 मध्ये निघाला. सोमेश्वराचे प्रकरण त्याच्याआधी साडेतीनशेहून अधिक वर्षांचे. पण माझ्या दृष्टीने वयापेक्षा त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. सुरुवात माशाची जात, तिचे राहण्याचे पाणी आणि तिचे खाणे यांपासून होते. साधन त्यानंतर येते. आज दुकानात हा क्रम नेमका उलटा होतो: आधी काठी घेतली जाते आणि मग तिला साजेसे पाणी शोधले जाते.

यावर कोणी म्हणेल की हा राजाचा खेळ, त्याचा डोहाकाठी बसणाऱ्या सामान्य माणसाशी काय संबंध? आक्षेप रास्त आहे. राजाने लिहून ठेवले म्हणून गावात तसेच होत होते असे म्हणता येणार नाही. पण राजाला ही माहिती मिळाली कोणाकडून? कोणता मासा कुठल्या पाण्यात राहतो, तो काय खातो, हे दरबारात बसून कळत नाही. ते पाण्यात उतरणाऱ्यांनाच ठाऊक असते. हीच गोष्ट सातशे वर्षांनी पुन्हा दिसते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतला विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांची वर्णने 1839 मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा अनेक माशांची शास्त्रीय नावे त्याने स्थानिक कोळी-भोयांच्या तोंडच्या नावांवरूनच ठेवली. शिंगाळ्याचे ‘सींघाला’ आणि दख्खनी महसीरचे ‘खुद्री’ ही नावे आजही जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत तशीच आहेत. ग्रंथ राजाचा असो की साहेबाचा, त्यामागचे ज्ञान काठावरच्या माणसाचे होते. काठीच्या निवडीचे ज्ञानही त्याच माणसाकडे होते, फक्त ते कोणी उतरवून घेतले नाही. त्यामुळे ते आपल्याला वस्तूवरूनच वाचावे लागते, आणि ती वस्तू म्हणजे वेळू.

परभणीच्या काळ्या रानात वेळूची बने मोठी नाहीत. पण पूर्वेला किनवटचे जंगल आणि त्यापलीकडे विदर्भाचे रान आहे. दोन जाती इथे ध्यानात घ्यायच्या. कटांग जाडजूड, आतून पोकळ, काटेरी. मानवेल बारीक, आणि कोरड्या डोंगरउतारावर वाढलेला असेल तर जवळजवळ भरीव. लाठीसाठी लोक ज्याला नर बांबू म्हणून शोधतात तो हाच. कुठलाही वेळू चिरून पाहा: बाहेरच्या हिरव्या सालीलगत धागे दाट, गच्च बसलेले असतात आणि आतल्या अंगाला विरळ होत जातात. वाकताना सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या या थरावर येतो, म्हणून काठी सोलून गुळगुळीत करणारा माणूस तिची ताकदच तासून टाकतो. भरीव मानवेल आपल्या जाडीच्या मानाने जड आणि चिवट. पोकळ वेळू हलका आणि चटकन सरळ होणारा. काठीच्या मापांनाही यांत्रिकीचा एक नियम आहे. जाडी सगळीकडे सारखी धरली तर काठीचा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात आणि जाडीच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात बदलतो. याचा व्यवहारातला अर्थ असा: दहा फुटी काठी आठ फुटांची केली की ती जवळपास दुप्पट ताठ होते, आणि लांबी तीच ठेवून जाडी फक्त एक पंचमांशाने वाढवली तरी ती दुप्पट ताठ होते. बुरुडाच्या ढिगातून काठी उचलून, बुंधा धरून शेंडा हवेत हलवून पाहणारा माणूस हीच दोन गणिते हाताने करत असतो. बुंध्याला वीतभर कापली की काठी कडक होते आणि शेंडा जास्त ठेवला की नरम होते, हे समजायला त्याला घात आणि घन शिकावे लागले नाहीत. आजची कारखान्यातली काठी याच दोन मापांवर बनते.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानी वेळू जगाच्या बाजारात गेला. कलकत्त्याच्या बंदरातून निघणाऱ्या या वेळूला इंग्लंड-अमेरिकेत ‘कलकत्ता केन’ म्हणत, आणि तो मुख्यतः मानवेलाच्याच जातीचा असे मानले जाते. त्यावर भाजल्याचे काळे डाग असत. पेनसिल्वेनियातल्या ईस्टन गावचा बंदूक कारागीर सॅम्युअल फिलिप याने 1840च्या दशकात वेळू उभा चिरून, आतला विरळ भाग काढून, दाट धाग्यांच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून काठी बनवायला सुरुवात केली. पुढे हायरम लिओनार्डने सहा पट्ट्यांची काठी पक्की केली. या कल्पनेचे मर्म एवढेच: वेळूतला जो थर ताण घेतो तेवढाच ठेवायचा आणि त्याला हवा तसा निमुळता आकार द्यायचा. आता काठीची ताकद झाडाने ठरवायची नव्हती, कारागिराने ठरवायची होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या टोंकिन वेळूने कलकत्त्याच्या वेळूला मागे टाकले, 1950 मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातल्यावर तोही आटला, आणि तोवर काचधाग्याची काठी दुकानात आलेली होती. 1938 मध्ये जाहीर झालेल्या नायलॉनने दोरी बारीक आणि मजबूत केली, 1940च्या दशकाच्या शेवटी काचधाग्याने काठी स्वस्त केली, आणि 1973च्या सुमारास कार्बनच्या काठ्या विकायला येऊन काठीचे वजन एकदम खाली आले. या प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी म्हणाले की आता जुना हिशेब संपला. तो संपला नाही. सामग्री बदलली की तीच ताकद कमी वजनात मिळते, हाताला शीण कमी होतो, टोकाची थरथर स्पष्ट कळते. पण किती ताकद हवी या प्रश्नाचे उत्तर कार्बन देत नाही. ते पाण्याकडेच मागावे लागते.

इंग्रजी अमदानीत याची एक ठळक परीक्षा झाली. मद्रास प्रांताच्या मुलकी सेवेतला हेन्री सलिव्हन थॉमस याने 1873 मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक काढले. विलायतेत सामन माशासाठी घडवलेली लांब, जड काठी घेऊन साहेब हिंदुस्थानातल्या नद्यांवर येत आणि महसीरपुढे फसत. दोष काठीच्या कमकुवतपणाचा नव्हता. महसीर मोठ्या दगडांच्या, खोल धारेच्या पाण्यात राहतो, गळ लागताच पहिली धाव लांबवर घेतो आणि त्याच्या जबड्याचा चेपा पातळ तारेचा गळ वाकवून टाकतो. त्याला उत्तर होते रिळावर भरपूर दोरी आणि मजबूत गळ. काठीने फक्त दोरीवरचा ताण सतत ठेवायचा. नदी बदलली, माशाचे वागणे बदलले, म्हणून सामानाचा तोल बदलला. मासा वजनाला तितकाच असूनही वेगळ्या पाण्यात वेगळी काठी लागते, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

झरीच्या मुलखात पाणी खऱ्या अर्थाने बदलले ते स्वातंत्र्यानंतर. पूर्णेवरचे येलदरी धरण 1968 मध्ये पूर्ण झाले, त्याच्या खाली सिद्धेश्वरचे धरण आले. गोदावरीवर पैठणचे जायकवाडी 1976 मध्ये देशाला अर्पण झाले आणि त्याचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत पोचला. पुढे दुधनेवरही सेलू तालुक्यात निम्न दुधना प्रकल्प उभा राहिला. नदीच्या जागी जलाशय आले, डोहांच्या जागी पाझर तलाव आणि कालव्यांकाठची साचलेली पाणथळ. पाण्यातले मासेही बदलले. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. त्यातून कटला, रोहू, मृगळ यांचे बीज तलावातलावांत सोडणे शक्य झाले. तिलापिया त्याआधीच, 1952 मध्ये, देशात आणला गेला होता. या नव्या पाण्याची दोन रूपे आहेत आणि काठीसाठी हा भेद कळीचा आहे. जलाशयाचा उघडा, खोल भाग: तिथे काठापासून मासा दूर, अडचण कमी, वारा जोराचा. आणि जलाशयाचे शेपूट, गावतळे, कालव्याच्या पाझराचा ओढा: तिथे पाणी उथळ, बेशरमाची झुडपे पाण्यात उतरलेली, पाणकणीस आणि जलपर्णी दाटलेली. पहिल्या पाण्यात फेक लागते, दुसऱ्यात ओढ लागते. जुन्या नदीच्या एका काठीत ही दोन्ही कामे बसणार नव्हती.

नेमके याच वर्षांत अमेरिकेतही धरणे काठीचा इतिहास बदलत होती. ओहायोतल्या अॅक्रन गावी निक क्रीम नावाच्या यंत्रकारागिराने 1949 मध्ये घरच्या स्वयंपाकघरात व्हायनिल वितळवून गांडुळाच्या आकाराचे मऊ आमिष ओतले. तोवरची रबरी गांडुळे ताठ असत. हे हुबेहूब गांडुळासारखे हलत होते आणि माशाच्या तोंडाला जिवंत लागत होते. हे आमिष पसरले ते दक्षिणेकडच्या राज्यांतल्या नव्या जलाशयांत. टेक्सासमधला सॅम रेबर्न 1960च्या दशकात भरला, पाठोपाठ टोलेडो बेंड. त्यांच्या पोटात जंगल न तोडताच बुडवलेले होते आणि त्या उभ्या झाडांत बास मासा दबा धरून बसे. झाडांत गळ अडकू नये म्हणून गळाचे टोक प्लास्टिकच्या आतच लपवून ठेवण्याची पद्धत रुळली. त्याची किंमत अशी की मासा लागल्यावर गळाला आधी प्लास्टिकमधून आणि मग जबड्यातून जावे लागते. गळ जाड तारेचा, वाट दुहेरी, शिवाय त्या काळच्या नायलॉनच्या दोरीला ताण. म्हणून हिसका देणारी ताठ काठी लागली. बास अँगलर्सची संघटना उभी राहिली तीही 1968 मध्येच, ज्या वर्षी येलदरी पूर्ण झाले. स्पर्धा वाढल्या, काठ्यांचे प्रकार पडले, आणि हलकी, मध्यम, मध्यम-भारी, भारी असे शिक्के काठीच्या बुंध्यावर उमटू लागले. कॅलिफोर्नियाच्या डी थॉमसने तर फेक सोडूनच दिली. लांब, दणकट काठीने दाट गवताच्या फटीत आमिष झुलवून सोडायचे आणि मासा लागताच वर उचलायचा, या पद्धतीवर त्याने 1975 मध्ये बुल शोल्सची स्पर्धा जिंकली. रीळ बाजूला ठेवले तर दुधनेच्या डोहावरची वेळूची काठी काम करत होती ते हेच. पाणी सारखे झाले की काठी सारखी होते; मधले समुद्र आड येत नाहीत.

इथे सगळ्यात मोठा आक्षेप उभा राहतो: बास मासा आपला नाही, मग त्याच्यासाठी घडलेल्या काठीचा आणि आमिषाचा हिशेब झरीच्या माणसाने का करावा? याचे उत्तर मरळ देते. मरळ बासच्या कुळातला मुळीच नाही, पण त्याचे राहणे आणि शिकार करणे विलक्षण जुळते. तो गवताच्या सावलीत स्थिर थांबतो, बेडूक किंवा लहान मासा टप्प्यात आला की झडप घालतो आणि लगेच गवतात वळतो. हवेतून श्वास घेण्याची सोय असल्यामुळे उन्हाळ्यात आटलेल्या, गाळाच्या पाण्यातही तो तग धरतो. म्हणजे सगळ्यात जास्त अडचणीच्या पाण्यात सापडणारा मासा तोच. जबडा हाडाचा, दात तीक्ष्ण. मऊ प्लास्टिकचा बेडूक जलपर्णीवरून ओढत आणला की मरळ खालून फोडतो. या कामाला मध्यम-भारी किंवा भारी काठी, कमी ताणणारी वेणीची दोरी आणि जाड गळ हेच बरोबर, कारण मासा लागल्यापासून दोन क्षणांत त्याचे डोके गवताबाहेर काढायचे असते. पण त्याच जलाशयाच्या उघड्या काठावर पाच-सात ग्रॅमचे लहान मऊ आमिष बारीक, उघड्या गळावर टाकायचे असेल तर हीच काठी निरुपयोगी आहे. इतक्या हलक्या वजनाने तिचा शेंडा वाकतच नाही, म्हणून फेक पडत नाही. आणि हिसका दिला तर पातळ गळ सरळ होतो किंवा ओठातून निसटतो. तिथे हलकी किंवा मध्यम-हलकी काठी लागते. दहा-पंधरा ग्रॅमचे वजन, टोक प्लास्टिकमध्ये लपवलेला गळ आणि मधूनमधून दगड किंवा झुडूप असलेले पाणी, यासाठी मध्यम किंवा मध्यम-भारी. तिन्ही ठिकाणी मासा दोन किलोचाच असू शकतो. बदलले ते पाणी, गळ आणि आमिष.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. एवढ्या काठ्या घ्यायला पैसे कोणाकडे आहेत? एकच भारी काठी घेतली तर लहान-मोठे सगळे मासे निघतील. पैशांची अडचण खरी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण एकच काठी घ्यायची असेल तर ती भारी असू नये, हाच इतिहासाचा धडा आहे. भारी काठी तिच्या एका पाण्याबाहेर काहीच करत नाही. मध्यम काठी मात्र दोन्ही बाजूंना थोडी थोडी पुरते, आणि हलक्या आमिषावर दोरी बारीक करून, दाट पाण्यात गळ धारदार ठेवून तिची उणीव बरीच भरून काढता येते. आजची वेणीची दोरी नायलॉनइतकी ताणत नाही, त्यामुळे हिसका सरळ गळापर्यंत पोचतो. 1970 साली ज्या कामाला भारी काठी लागायची त्यातले बरेचसे काम आज मध्यम-भारी काठी करते. जुन्या लेखांतला सल्ला जसाच्या तसा उचलणाऱ्याने हे विसरू नये. तो सल्ला त्या वेळच्या दोरीसाठी होता.

तिसरे म्हणणे असे की काठीवर शिक्का छापलेलाच असतो, तो वाचला की पुरे. शिक्क्यावर एवढा विश्वास ठेवता येत नाही, कारण सगळ्या कंपन्यांना बांधणारे एकच माप अस्तित्वात नाही. एकीची मध्यम काठी दुसरीच्या मध्यम-भारी काठीइतकी ताठ निघू शकते. शिवाय काठीचे दोन वेगळे गुण आहेत. काठी किती भार पेलते ही तिची ताकद. ती भार पेलताना कुठून वाकते, फक्त शेंड्यातून की मुठीपर्यंत, हा तिचा वाक. हलक्या आमिषाला शेंडा नरम हवा पण बुंध्यात जोर हवा, आणि हे एका शब्दात मावत नाही. अमेरिकेतले विल्यम हॅनेमन यांनी यावर सोपा तोडगा सुचवला: काठी आडवी धरायची, शेंड्याला पिशवी टांगायची आणि शेंडा काठीच्या लांबीच्या एक तृतीयांश इतका खाली येईपर्यंत पिशवीत नाणी टाकत जायचे. जितकी नाणी, तितकी ताकद. झरीतही हे सहज करता येईल; नाण्यांऐवजी प्लास्टिकच्या बाटलीत मापाने पाणी ओतले तर एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम धरून थेट आकडा मिळतो. बुरुडाच्या ढिगात काठी हलवून पाहणारा हात जे करत होता, त्याचेच हे मोजलेले रूप आहे. छापील शिक्क्यापेक्षा मोजलेली ताकद जास्त खरी.

या सगळ्यातून निघणारा निष्कर्ष मी स्पष्टपणे मांडतो. सोमेश्वराच्या काळापासून आजच्या कार्बनपर्यंत काठीची सामग्री चार-पाच वेळा बदलली आणि काठी हलकी होत गेली. पण ताकदीचा प्रश्न जेव्हा जेव्हा नव्याने उभा राहिला तेव्हा कारण पाण्याचे बदलणे हेच होते. महसीरच्या धारा, टेक्सासची बुडालेली जंगले, येलदरीचा फुगवटा आणि गावतळ्यातली जलपर्णी, प्रत्येकाने आपली काठी स्वतः मागून घेतली. बाहेरून आलेला शिक्का वापरायला हरकत नाही, पण तो कोणत्या पाण्यात जन्मला हे माहीत असले पाहिजे. आणि पाणी वाचायचे म्हणजे त्याचे नियमही वाचायचे. आपल्याकडे जलाशयांतले मासेमारीचे हक्क बहुतांश मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. त्यांच्या परवानगीने गळ टाकावा. पावसाळ्यात मरळ आपल्या पिलांच्या थव्याभोवती पहारा देत असतो, तेव्हा तो आमिषावर भुकेने येत नाही, पिलांना वाचवायला येतो. त्या दिवसांत त्याला सोडून द्यावे. फाटलेले प्लास्टिक आणि तुटलेली दोरी पाण्यात टाकू नये, कारण ती तिथे कुजत नाही. काठी घेण्याआधी तळ्याच्या काठाने एक फेरी मारा, गवत किती, खोली किती, मासा कुठे उसळतो ते पाहा, कोणते आमिष आणि कोणता गळ लावणार ते ठरवा, आणि मगच दुकानाची पायरी चढा.